उद्यांचा दिवस आणि आपला भरंवसा

शास्त्रपाठ : याकोब ४:१३–१६, मत्तय ७:२४–२७, प्रेषितांचीं कृत्यें १६:६–१५, करिंथकरांस दुसरें पत्र १:८–११.



याकोबाच्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत कांहीं व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. अमक्या शहरीं जावें, तेथें वर्षभर राहावें, देवघेव करावी आणि नफा गांठीं बांधावा, असा त्यांचा बेत पक्का झालेला आहे. याकोब त्यांस एवढेंच विचारतो कीं, ज्या उद्यांच्या जिवावर तुम्हीं हा हिशेब मांडिला, तो उद्यां तुमच्या हातीं आहे काय? आपण हें वचन बहुधा प्रेतसंस्काराच्या वेळीं वाचतों आणि कबरस्तानाच्या फाटकापाशीं ठेवून घरीं येतों. परंतु तें विशेषेंकरून जिवंतांसाठीं आहे. जो पेरणीसाठीं कर्ज काढितो, जो मुलाला मुंबईस धाडितो, जो मुलीचें लग्न ठरवितो, त्या प्रत्येकासाठीं तें आहे. म्हणून या धड्यांत आपण दोन प्रश्नांचा विचार करूं. आयुष्यांत अकस्मात् पालट होतो तेव्हां ख्रिस्ती माणसानें कशावर टेकावें? आणि टेकावें म्हणजे प्रत्यक्ष काय करावें?

१. शिवडीची साक्ष

याकोबाचें म्हणणें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडीकडे पाहावें. आपल्या गांवांतील पुष्कळांचे आजे-पणजे त्या बाजूस पोटासाठीं गेले, त्यामुळें हें नांव घरोघर ओळखीचें आहे. तेथील टेकडीवर इंग्रजांनीं १६८० सालीं किल्ला बांधिला, तो समुद्रावरून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवण्यासाठीं. पुढें शत्रू राहिले नाहींत. मग त्या किल्ल्यांत कैदी ठेवूं लागले, आणि त्यानंतर बंदराचा माल. त्याच शिवडींत शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठीं स्थापन झालेल्या एका मंडळाची बाग होती. १८६५ सालीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं ती जागा कबरस्तानासाठीं घेतली. आज तें मुंबईंतील एक मोठें ख्रिस्ती कबरस्तान आहे. ज्या मातींत माळी रोपें लावीत असत, त्या मातींत माणसें आपले आप्त ठेवूं लागलीं.

त्याच १८६५ सालीं मुंबईनें आणखी एक पालट पाहिला. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध सुरू झालें होतें, आणि तेथील दक्षिण भागाचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला होता. तेव्हां वऱ्हाड, खानदेश आणि गुजराथ येथील कापसाला पूर्वीं कोणीं ऐकिला नव्हता असा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. रोज नवी कंपनी निघावी आणि तिच्या भागांसाठीं लोकांनीं धांवत सुटावें, असे ते दिवस होते. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपत आलें, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै रोजीं देणीं चुकविण्याचा दिवस उगवला तेव्हां कालचे लक्षाधीश दिवाळखोर ठरले. बँक ऑफ बॉम्बेसारखी थोर पेढीहि पुढें बुडाली. याकोबाचे व्यापारी आपल्याच बंदरावर उभे होते, असें म्हणावयास हरकत नाहीं. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्यानें तर अमेरिका डोळ्यांनीं पाहिलीहि नव्हती. तरी तिच्या युद्धाबरोबर त्याच्या घरीं पैसा आला आणि युद्धाबरोबरच गेला.

पुढें १९२० नंतरच्या दशकांत कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीच्या बाजूस आला. कॉटन ग्रीन या रेल्वे स्थानकाच्या नांवांत त्याची आठवण राहिली आहे. शिवडी, लालबाग आणि परळ येथें गिरणीच्या भोंग्यावर माणसें उठत आणि भोंग्यावर निजत. त्या गिरण्यांतून निघालेली मनिऑर्डर साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, नगरच्या खेड्यांत पोंचे तेव्हां तेथें चूल पेटे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉक्टर दत्ता सामंत यांच्या पुढारीपणाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांनीं संप केला. कांहीं दिवसांत मिटेल असें पुष्कळांस वाटत होतें. तो संप मागें घेतल्याचें रीतसर कधीं जाहीर झालेंच नाहीं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि लाखाहून अधिक माणसें कामास मुकलीं. ज्या हातांनीं वीस-वीस वर्षें मागावर सूत सांधिलें होतें त्या हातांना दुसरें काम येत नव्हतें. आज त्या जागीं आकाशाला भिडलेल्या इमारती आहेत. शिवडीच्या ज्या चिखलांत हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, तेथूनच समुद्रावरून २१.८ किलोमीटर लांबीचा पूल निघाला आहे, आणि जानेवारी २०२४ पासून त्यावरून गाड्या धांवूं लागल्या आहेत.

हा सर्व इतिहास सांगण्याचें कारण एवढेंच. यांतील एकहि पालट आदल्या पिढीच्या हिशेबांत नव्हता. कांहीं पालट लोभानें ओढवून घेतलेले होते हें खरें, पण कित्येक अशा माणसांवर आले कीं ज्यांचा कांहीं अपराध नव्हता. हा भेद आपण नीट ध्यानांत ठेवावा, कारण पुढील विचाराला त्याची गरज आहे.

२. पाऊस दोन्ही घरांवर पडला

आपल्या खेड्यांतील मंडळीवर एखादें संकट आलें म्हणजे तिला दोन बोल ऐकावे लागतात. बाहेरचे म्हणतात, “बापजाद्यांचे देव सोडलेत, त्याचें हें फळ.” घरचेच कोणी म्हणतात, “तुमचा विश्वास कमी पडला.” बैल मेला, विहीर आटली, मुलाची नोकरी सुटली, कीं हे दोन्ही बोल दारांत येऊन उभे राहतात. दुःखापेक्षां हे बोल अधिक खोल जातात, आणि नवा विश्वासणारा पुष्कळदां संकटामुळें नव्हे तर या बोलांमुळें डळमळतो. म्हणून त्यांचें उत्तर प्रत्येक उपदेशकाजवळ असलें पाहिजे.

उत्तर प्रभूनें स्वतः दिलें आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांपेक्षां अधिक पापी होतीं असें समजूं नका, असें त्यानें सांगितलें (लूक १३). जन्मांधाविषयीं शिष्यांनीं विचारिलें कीं पाप कोणाचें, तेव्हां तो प्रश्नच त्यानें मोडून काढिला (योहान ९). आणि डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटीं त्यानें दोन घरांचा दाखला दिला. त्या दाखल्यांतील एक गोष्ट आपण वाचतों पण पाहत नाहीं. पाऊस दोन्ही घरांवर पडला. पूर दोन्ही घरांस लागला. वारा दोन्ही भिंतींवर आदळला. शहाण्या माणसाचें घर पावसाबाहेर बांधिलेलें होतें असें प्रभु कोठेंहि म्हणत नाहीं. लूकानें या दाखल्यांत एक गोष्ट अधिक नोंदिली आहे. ती अशी कीं, त्या माणसानें खोल खणलें. काळ्या रानांत घर बांधणाऱ्यास हें समजावून सांगावयास नको. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत फुगते. तिच्यावर उभी केलेली भिंत वर्षांत तडकते. शहाणा गवंडी मुरूम लागेपर्यंत खणितो. तो मुरूम वरून कोणास दिसत नाहीं, पण घर त्याच्यावर उभें राहतें.

तेव्हां प्रभूला धरिलें म्हणून आतां आपलें कांहीं वाईट होणार नाहीं, असें मानणें हा विश्वास नव्हे. तो नवसाचाच एक प्रकार आहे. नवसांत माणूस देवाशीं सौदा करितो, आणि सौदा फिसकटला म्हणजे देव सोडितो. विश्वासांत माणूस देवालाच धरितो, मग हातांत दुसरें कांहीं राहो अथवा न राहो.

तसेंच “नशिबांत असेल तें होईल” असें म्हणून हात बांधून बसणें हाहि विश्वास नव्हे. शिवडींत मुंबई महापालिकेचें क्षयरोगाचें मोठें रुग्णालय आहे. एके काळीं या रोगाला विश्रांति, मोकळी हवा आणि सकस अन्न यांवांचून विशेष उपाय नव्हता. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला आणि पुढें आणखी औषधें आलीं. आज साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधानें बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तें औषध फुकट मिळतें. पण महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, आणि रोगी औषध सोडितो. मग रोगाचे जंतु औषधाला दाद देईनासे होतात. प्रार्थना केली, आतां गोळ्या कशाला, असें कोणी म्हणेल तर उपदेशकानें त्याला प्रेमानें पण स्पष्ट सांगावें कीं, सहा महिने रोज नेमानें गोळी घेणें हेंच यावेळीं तुझें आज्ञापालन आहे. याकोबानें व्यापाऱ्यांस बेत करूं नका असें सांगितलें नाहीं. बेताची बढाई मारूं नका, असें सांगितलें. बियाणें राखून ठेवावें, दोन पैसे शिल्लक टाकावे, मुलांस शिकवावें, विमा उतरावा. मात्र हीं साधनें आहेत, पाया नव्हेत, हें विसरूं नये.

३. पौलाचीं बंद झालेलीं दारें

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायांत पौल व त्याचे सोबती यांचा प्रवास आहे. आसिया प्रांतांत वचन सांगावें असा त्यांचा विचार होता, तो मार्ग बंद झाला. बिथुनियाकडे वळले, तोहि बंद झाला. चालत चालत ते त्रोवसास, म्हणजे समुद्राच्या कांठापर्यंत, आले. कोठें जावें हें कळत नव्हतें. तेथें रात्रीं मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टांत झाला आणि ते पलीकडे गेले. फिलिप्पैंत नदीकांठीं लुदिया भेटली आणि तिचें घर मंडळीचें घर झालें. येथवर सारें गोड वाटतें. पण त्याच अध्यायांत पुढें त्याच गांवीं त्यांस फटके बसले आणि खोड्यांत पाय अडकले. देवानें दाखविलेल्या वाटेवरहि तुरुंग असूं शकतो, हें लक्षांत ठेवावें. वाट कठीण झाली म्हणजे ती चुकलीच, असा निष्कर्ष काढूं नये.

दुसरा उतारा याहून गंभीर आहे. करिंथकरांस लिहितांना पौल कबूल करितो कीं, आसियांत आमच्यावर असा भार पडला कीं तो आमच्या शक्तीपलीकडचा होता, आणि आम्हीं जगण्याची आशाच सोडिली होती. हा शब्द प्रेषिताचा आहे, आणि तो शास्त्रांत राहूं दिला आहे. विश्वासणाऱ्यानें कधीं खचूं नये, असें जे सांगतात त्यांनीं हें वचन पुन्हां वाचावें. पौल त्या प्रसंगांतून एक धडा घेतो. तो असा कीं, आपण स्वतःवर टेकलों होतों तें सुटलें, आणि मेलेल्यांस उठविणाऱ्या देवावर टेकावयास शिकलों. त्यानें पुढें काय होणार याची माहिती मागितली नाहीं. ज्याच्यापुढें मरणहि शेवट नव्हे त्याला त्यानें धरिलें. आपला मुरूम हाच आहे. वधस्तंभ आणि रिकामी कबर ही गोष्ट घडून गेलेली आहे. उद्यां काय होईल त्यावर ती अवलंबून नाहीं.

४. एका जीवनाचा पुरावा

शास्त्रांतील दाखला दूरचा वाटेल, म्हणून आपल्याच भाषेंतील व आपल्याच मुलखांतील एक जीवन पुढें ठेवितों. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास दुष्काळांत त्यांचे आईबाप गेले. १८८० सालीं भाऊ गेला. त्याच वर्षीं बंगालांत बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं लग्न झालें, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पतीहि वारले. पदरीं मनोरमा, वर्षाचीहि नव्हती. पुढें इंग्लंडास गेल्या असतां १८८३ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथें नीट पाहावें. सर्व संकटें बाप्तिस्म्याच्या आधीं आणि सर्व सुख नंतर, असें त्यांच्या आयुष्यांत झालें नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं धर्माच्या वादावरून गदारोळ उठला आणि पुष्कळ मुली त्यांच्या पालकांनीं काढून नेल्या. एवढ्या कष्टानें उभें केलेलें घर अर्धें रिकामें झालें.

तरी त्यांनीं हातचें काम सोडिलें नाहीं. सदनाचा खर्च फळबागेच्या उत्पन्नावर भागावा, म्हणून त्यांनीं केडगांव येथें जमीन घेतली. १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हां त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया यांस घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगामुळें त्यांस ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हां फळझाडांसाठीं घेतलेली ती केडगांवची जमीन कामास आली. तेथेंच मुक्ति सदन उभें राहिलें, आणि तें आजहि आहे. आईबाप दुष्काळानें नेले ते देवानें या कामासाठीं नेले, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तसें म्हणणें दुःखी माणसावर अन्याय आहे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जिनें दुष्काळांत आपले आईबाप गमावले होते तिला दुष्काळांतील मुलीचा चेहरा ओळखतां आला, आणि देवानें तें दुःख वायां जाऊं दिलें नाहीं.

अखेरचा आघातहि चुकला नाहीं. ज्या मनोरमेच्या हातीं काम सोंपवावयाचें ती २४ जुलै १९२१ रोजीं वारली. त्यावेळीं रमाबाई मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें साध्या मराठींत भाषांतर करीत होत्या, अशा हेतूनें कीं खेड्यांतील अशिक्षित बाईलाहि तें कळावें. कन्या गेल्यावर नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या स्वतः गेल्या, पण तोंवर तें काम त्यांनीं तडीस नेलें होतें. १९२४ सालीं ग्रंथ छापून निघाला. उद्यांचा दिवस त्यांस दिसत नव्हता. आजच्या दिवसाची ओळ त्या लिहीत राहिल्या.

५. प्रत्यक्ष काय करावें?

पहिली गोष्ट, देवापाशीं खरें बोलावें. स्तोत्रकर्त्यानें “किती वेळ?” असा टाहो फोडिला, आणि तो मंडळीच्या उपासनेंत गाइला जात असे. ज्याच्या घरीं दुःख झालें त्याला रडूं द्यावें. त्याच्या तोंडीं घाईनें “सर्व ठीक आहे” हे शब्द कोंबूं नयेत. जो देवापुढें रडतो तो देवाला सोडून गेलेला नसतो.

दुसरी, आजचें कर्तव्य ओळखावें. मोठा पालट झाला म्हणजे मन सहा महिन्यांपुढचें पाहूं लागतें आणि हात थंड पडतात. अशा वेळीं सकाळीं उठून एवढेंच विचारावें कीं, आज माझ्या हातीं काय आहे? जनावराला पाणी पाजावयाचें आहे, मुलाला शाळेंत धाडावयाचें आहे, अर्ज भरावयाचा आहे, गोळी घ्यावयाची आहे. प्रभूनें रोजच्या भाकरीची प्रार्थना शिकविली, वर्षाच्या कोठाराची नव्हे.

तिसरी, मंडळीनें भार वांटून घ्यावा. पौलानें करिंथकरांस सांगितलें कीं, तुमच्या प्रार्थनेनें तुम्ही आम्हांस साह्य करितां. एकट्याचा विश्वास थकतो, तेव्हां भावाचा विश्वास त्याला धरून ठेवितो. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं आठ वाजतां टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत देश थांबला. त्यानंतर शहरांतून माणसें पायीं आपल्या गांवांकडे निघालीं. कित्येक गांवांनीं त्यांस शाळेंत उतरवून भाकरी पोंचविली, कित्येकांनीं वेशीवर कांटे लाविले. असा प्रसंग पुन्हां येईल तेव्हां आपली मंडळी कोणत्या बाजूस असावी, हें आजच ठरवावें. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ धान्य बाजूस काढण्याची चाल होती. जेथें ती मोडली असेल तेथें ती पुन्हां सुरू करावी, आणि तें धान्य ज्या घरीं अकस्मात् पालट झाला आहे त्या घरीं कोणाला न सांगतां पोंचवावें. शहरांतून हात हालवीत परत आलेल्या मुलाला “परत कां आलास?” असें न विचारतां “जेवलास काय?” असें विचारावें. त्या एका प्रश्नानें त्याला देवाची प्रीति जितकी कळेल तितकी एका प्रवचनानें कळणार नाहीं.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. दोन घरांच्या दाखल्यांत दोहोंस सारखें काय होतें आणि वेगळें काय होतें?
२. नवस आणि विश्वास यांत काय भेद आहे? आपल्या प्रार्थनांत नवस कोठें शिरला आहे?
३. “तुमचा विश्वास कमी पडला” असें आपण कोणाला म्हटलें आहे काय? त्याला आज काय सांगावें?
४. आपल्या मंडळींत या वर्षीं कोणाच्या घरीं मोठा पालट झाला? या आठवड्यांत त्याचा भार कोण व कसा उचलील?

उपदेशक बंधूंनो व बायबलबाईंनो, हा धडा प्रभुवारीं वाचून झाल्यावर चवथ्या प्रश्नाचें उत्तर नांवांनिशीं ठरल्यावांचून मंडळीला घरीं सोडूं नका. उद्यांचा दिवस आपल्या हातीं नाहीं. शेजाऱ्याचें घर मात्र चालत जाण्याइतकें जवळ आहे, आणि आजचा दिवस अजून मावळलेला नाहीं. जो प्रभु काल होता तो आज आहे, आणि आपल्या आधीं तो उद्यांत जाऊन उभा आहे. त्याची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो.